दहा माणसांचं प्रमाण

इंदूताई कर्णिक पुस्तक वाचायच्या आधी हुंगतात. मधलंच एखादं पान उघडायचं, नाक पार शिवणीपर्यंत न्यायचं, डोळे मिटायचे आणि एक लांब श्वास घ्यायचा. मग निकाल. "हिंग आहे. पण फार जुना." किंवा, "ही बाई तळणात रमलेली दिसते." हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, बाईंना सर्दी झाली असेल आणि पानात निलगिरीचा बोळा ठेवला असेल.

पुस्तकं म्हणजे कुठलीही नव्हेत हं. स्वयंपाकाची. तीसुद्धा जुनी, आणि जुनीतसुद्धा खराब झालेली. आमच्या पनवेलात टपाल नाक्याजवळ मुनीरभाईंचं रद्दीचं दुकान आहे. एकदा मी वर्तमानपत्रं घालायला गेले तर इंदूताई तिथे स्टुलावर बसलेल्या. मुनीरभाईंनी कापडात गुंडाळलेलं एक पुस्तक काढलं. पुठ्ठा शाबूत, सोनेरी अक्षरं, एका पानाचा कोपरा दुमडलेला असेल तर शपथ. "ताई, खास तुमच्यासाठी ठेवलंय. एकदम नायाब चीज," मुनीरभाई म्हणाले. ताईंनी हुंगलं आणि परत केलं.

"ह्याला कपाटाचा वास आहे, मुनीरभाई. ह्यातून कोणी जेवलेलं नाही."

आणि शेजारच्या ढिगातून मुखपृष्ठ नसलेलं, तेलाने पिवळं पडलेलं एक बाड उचलून निघाल्या. मुनीरभाईंनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "सगळी दुनिया म्हणते चांगला माल दाखव. ह्या एकट्या बाई, म्हणतात खराब काय आहे ते काढा. अल्लाची कमाल आहे."

वडाळे तलावाच्या मागच्या गल्लीत आमची तीन मजली सोसायटी होती. आम्ही पहिल्या मजल्यावर, इंदूताई दुसऱ्यावर, बरोबर आमच्या डोक्यावर. लग्न केलं नाही, मुलींच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं, निवृत्त झाल्या आणि ह्या नादाला लागल्या. सुरुवातही मुनीरभाईंकडेच झाली म्हणे. सहामाहीचे जुने पेपर विकायला गेल्या होत्या, तर काट्यावर आधीच कोणीतरी आणलेलं स्वयंपाकाचं पुस्तक पडलेलं. "अगं, जेवणाचं पुस्तक आणि रद्दीच्या काट्यावर! मला बघवेना." पेपर तिथेच टाकले, पुस्तक घेऊन आल्या.

त्यांच्या घरात साखर हवी असेल तर पलंगाखाली वाकावं लागे. डबे सगळे तिथे. ओट्याच्या वरच्या फळ्यांवर, जिथे आपण डाळी-तांदूळ ठेवतो, तिथे पुस्तकं. रेशनच्या दिवसांतलं, बिनसाखरेच्या गोडाचं पुस्तक. वनस्पती तुपाच्या डब्याबरोबर फुकट मिळालेली पुस्तिका. कुठल्याशा महिला मंडळाचा रौप्यमहोत्सवी 'शंभर चटण्या'. नवविवाहितांसाठीचं एक होतं, त्यात भाताच्या आधीचं प्रकरण 'यजमानांची मर्जी' हे होतं. ताई ते आम्हाला वाचून दाखवायच्या आणि स्वतःच हसून हसून बेजार व्हायच्या.

त्यांचं खरं वाचन अक्षरांचं नव्हे, डागांचं. "हे बघ. हळद, हळद, तेल, परत हळद. इथे लाडवांच्या पानावर तर पाक सांडलाय. आणि इथून पुढे, केक आणि पुडिंग, पान कोरं! म्हणजे बाई इथे थांबली. कशाला नसत्या उठाठेवी, म्हणाली असेल." असं त्या बोलू लागल्या की ती कोण कुठली बाई खरंच ओट्याशी उभी दिसायची. पुण्याच्या भाच्याने एकदा कौतुकाने एक डाग खोडरबराने पुसून दिला. त्यानंतर बरेच दिवस भाच्याशी बोलणं फक्त 'हो' आणि 'नाही'वर होतं.

उन्हाळ्यात ही पुस्तकं वाळायला गच्चीवर यायची. कडुनिंबाचा पाला, वेखंडाचे तुकडे, मलमलची फडकी, असा सगळा सरंजाम. नेमक्या त्याच दिवसांत माझ्या सासूबाईंच्या साबुदाण्याच्या पापड्या. गच्ची एक, ऊन एक, आणि दोघी हट्टी. सासूबाई म्हणायच्या, "तुमच्या पुस्तकांची सावली पडते माझ्या पापड्यांवर." ताई म्हणायच्या, "तुमच्या पापड्यांचा ओलावा लागतो माझ्या पुस्तकांना." शेवटी मीच मधे खडूची रेघ मारली. तरी एक पापडी दरवर्षी सीमा ओलांडायचीच.

इथवर सगळं ठीक होतं. पुस्तकं हुंगा, वाळवा, कोण नको म्हणतंय? पण ताई त्यातले पदार्थ करायच्या. आणि त्यांचा एक बाणा होता, जो आमच्या बिल्डिंगने वर्षानुवर्षं भोगला. "प्रमाण मोडायचं नाही!"

आता ही जुनी पुस्तकं एकत्र कुटुंबांच्या काळातली. त्यात कुठेही दोन माणसांचं प्रमाण नसतं. असतं ते दहाचं, पंधराचं, कधी थेट पंगतीचं. शेर, अदपाव, नवटाक. ही मापं ताईंनी पितळेची जमवली होती. पुस्तकात शेरभर डाळ लिहिली की शेरभरच शिजायची.

"अहो ताई, निम्मं करा ना," मी एकदा म्हटलं. "तुम्ही तर गणिताच्या!"

"गणिताची आहे म्हणूनच सांगते," त्या म्हणाल्या. "त्रैराशिक मजुरांना लागू पडतं, पदार्थांना नाही. मीठ निम्मं होतं, डाळ निम्मी होते, चव निम्मी होत नाही. ती जातेच."

म्हणून रविवारी सकाळी जिन्यात त्यांच्या सपाता वाजल्या की आम्ही समजायचो. कडी खटखटवायची पद्धत शाळेची, दोन टोले. "आज दहाचं आहे. डबा दे." असं करत वर-खाली सगळी दारं. पदार्थ कधी कधी स्वर्गीय असायचा. त्यांचं वालाचं बिरडं खाल्लं की माझे मिस्टर, जे एरवी जेवताना फोनमधून मान वर काढत नाहीत, ते विचारायचे, "अजून आहे?" पण कधी कधी रेशनच्या काळातला तो बिनसाखरेचा शिरा यायचा. एकदा कैरी घातलेला कोबी आला, तो आमच्या धाकट्याने तोंडातून परत हातावर घेतला. काही कुटुंबं रविवारी सकाळी टीव्ही बंद करून, श्वास रोखून बसायची. ताई दाराबाहेर उभ्या राहून म्हणायच्या, "चपला बाहेर आहेत गं!" की दार उघडायचं.

तळमजल्यावरच्या हिराबाई मात्र कधी लपल्या नाहीत. हिराबाई मूळच्या गव्हाणच्या आगरी. शेती विकलेली, हातभर सोन्याच्या बांगड्या, आवाज तलावाच्या पलीकडे जाईल असा. त्या डबा नव्हे, सरळ पातेलं पुढे करायच्या आणि चाखून तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. "बाय, हे तुमचे बुकात लिवलंय ना, तो लिवनारा कदी जेवला नसल." ताईंना त्याचा राग येत नसे. उलट खाली उतरताना त्या थोड्या घाबरलेल्या असायच्या, परीक्षेला चालल्यासारख्या. आणि हिराबाईंनी नुसतं "बरा हाय" म्हटलं तरी दिवसभर खूश.

एका थंडीत ताईंच्या लक्षात आलं की एवढ्या पुस्तकांत पोपटी कुठेच नाही. आमच्या ह्या भागात थंडी पडली की शेतात पोपटी लागते. मडक्यात वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, खाली-वर भांबुर्ड्याचा पाला, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ. ज्याने खाल्ली नाही त्याला सांगून उपयोग नाही. "अगं, लाखो लोक खातात आणि एका पुस्तकात नाही? म्हणजे उद्या कोणाला कळायचंच नाही!" ताई इतक्या अस्वस्थ झाल्या की हिराबाई म्हणाल्या, "चला आमचे गव्हानला. लिवून घ्या एकदाचा."

आम्ही रिक्षा करून गेलो. ताईंच्या पिशवीत काटा, पितळेची मापं, पेन. हिराबाई मडकं भरायला बसल्या, ताई शेजारी मांडी घालून.

"शेंगा किती?"

"मडका भरल तवर."

"ओवा?"

"हाताला येल तवरा."

"बरं, हे किती माणसांचं?"

हिराबाईंनी वर पाहिलं. "म्हंजे? जाल बगून जे येतील त्यांचा."

ताईंनी पेन खाली ठेवलं. मग हिराबाई पाला आणायला बांधावर गेल्या आणि ताईंच्या मनाला काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माप भरून पाणी घेतलं आणि मडक्यात ओतलं. प्रत्येक पुस्तकात 'पाणी अमुक' असतं, हिराबाई घाईत विसरल्या असतील, अशी त्यांची समजूत. पोपटीत पाण्याचा थेंब घालत नाहीत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हिराबाई परतल्या, मडक्यात डोकावल्या, आणि जी काही हसत सुटल्या की शेजारच्या शेतातली माणसं धावत आली. "बायनी पोपटीची आमटी केलान!" सगळं उपसून, शेंगा पुसून पुन्हा भरलं. ताई लालबुंद. पण खाताना सगळ्यांत जास्त राख त्यांच्याच नाकाला लागलेली.

आणि मग आमची सोसायटी पाडायचं ठरलं. पनवेलात आता हे इतकं झालंय की कोणी कोणाला 'अरेरे' म्हणत नाही, 'किती स्क्वेअर फूट मिळणार?' विचारतात. आम्हीही खूश होतो. नवीन घर होईपर्यंत सगळ्यांनी भाड्याने राहायचं. आम्ही नवीन पनवेलला जागा घेतली, हिराबाई गव्हाणला आपल्या घरी. ताईंसाठी भाच्याने खारघरला, ओवे गावाच्या अंगाला, एका उंच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर वन बीएचके पाहिला. पुस्तकं मावणार होती. लिफ्ट होती. भाचा म्हणाला, "मावशी, खाली चोवीस तास सिक्युरिटी आहे."

ताई म्हणाल्या, "ते असू दे. मजल्यावर माणसं किती?"

सगळ्यांना हसू आलं. पण त्या पुढचे कित्येक दिवस तोच प्रश्न धरून बसल्या होत्या. पुस्तकं बांधताना मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "पुस्तकांची मला काळजी नाही गं. ती कुठेही राहतील. खायला माणसं नसली तर मी करू काय? प्रमाण तर मोडता येत नाही." मी म्हटलं, "अहो, मोठा टॉवर आहे, पंगतच्या पंगत मिळेल तुम्हाला." त्यांचा विश्वास बसला. मलाही खरंच तसं वाटत होतं.

निघायच्या आधी त्यांनी सगळ्यांना गच्चीवर जेवायला बोलावलं. चाळीस माणसांचं पान उघडलं होतं. आणि काय सांगू, एक घर लपलं नाही! टीव्ही बंद करून बसणारेही स्वतःचे पाट घेऊन वर आले. सासूबाईंनी आपणहून पापड्या तळल्या. ताई पदर खोचून वाढत होत्या आणि प्रत्येकाच्या मागे लागत होत्या. "अजून घे. चाळीसचं आहे, उरता कामा नये."

टॉवरमधल्या पहिल्याच रविवारी त्यांनी दहा माणसांची डाळिंबी उसळ केली आणि पातेलं घेऊन मजल्यावर निघाल्या. ती हकिकत त्यांनी मला फोनवर सांगितली. पहिलं दार साखळीपुरतं उघडलं. एक मुलगी, कानात काहीतरी घातलेलं. ती म्हणाली, "आंटी, हमने कुछ ऑर्डर नहीं किया." दुसऱ्या दाराने बाहेरच्या कॅमेऱ्यातूनच विचारलं, "किस फ्लॅट का है?" तिसरं उघडलंच नाही. "आणि गंमत म्हणजे चपला बाहेर ठेवतच नाहीत गं ही माणसं! कळणार कसं?" संध्याकाळी टॉवरच्या ग्रुपवर सूचना आली की चौदाव्या मजल्यावर एक अनोळखी महिला अन्न वाटत आहे, सदस्यांनी खात्री करून घ्यावी. ताईंनी ती सूचना मला वाचून दाखवली, 'यजमानांची मर्जी' वाचायच्या तशीच, आणि आम्ही दोघी पोट धरधरून हसलो.

उसळ शेवटी वॉचमनच्या केबिनमध्ये गेली. पुढच्या रविवारीही तिकडेच. मग वॉचमन बदलला, नव्याला कांदा-लसूण चालत नव्हता. मग मुलांच्या परीक्षा आल्या, माझ्या सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आणि 'ताईंकडे जायचंय' हे आमच्या घरी रोजचं वाक्य झालं. रोजच्या वाक्यांचं काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

अशाच एका रविवारी सकाळी फोन वाजला. मी पोह्यांना फोडणी घालत होते.

"अगं, एक विचारायचं होतं. तू रोजचं करतेस म्हणून. एका माणसाला तांदूळ किती घेतात?"

मला वाटलं, थट्टा करतायत. कुठल्या तरी पुस्तकातला विनोद असेल. मी म्हटलं, "काय ताई, सकाळी सकाळी मीच सापडले का?"

"नाही गं, खरंच. मी सगळीकडे शोधलं. पहिलं पुस्तक काढलं, दुसरं काढलं, काल दिवसभर तेच केलं. कोणी लिहिलेलंच नाही. तसं करायची वेळच येत नसावी कोणावर. तिथे उरलं की कोणाच्या तरी डब्यात जायचं. इथे रोज अंदाजाने लावते, ते उरतंच. टाकवत नाही. मग दोन दिवस तेच खाते."

"अर्धी वाटी," मी म्हटलं. "पुरते अर्धी."

"अर्धी वाटी," त्या म्हणाल्या. "थांब, लिहून घेते. आणि डाळ?"

एवढी पुस्तकं जमवलेली बाई, चाळीस माणसांचं पान उघडून गच्चीवर पदर खोचणारी बाई, मला डाळ विचारत होती. मी गॅस बंद केला.

"ताई, लिहू नका. आम्ही जेवायला येतोय."

पलीकडून शाळेतला जुना आवाज आला. "किती जण?"

मी मनात मोजलं. आम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई. "पाच."

"पाचाचं माझ्याकडे काही नाही," त्या म्हणाल्या. "दहा आण."

आता रविवारी सकाळी घटकाभरात आणखी पाच माणसं कुठून आणायची ते मला विचारू नका. हिराबाईंना फोन लावला. त्यांच्या घरी भात शिजत होता. मी काय झालं ते सांगितलं. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण हळूच म्हणाली, "येताव. आमचा पोऱ्या नि सून बी येतान." मुनीरभाईंना विचारलं. ते म्हणाले, "ताईंकडे? बेगमला पण आणतो," आणि दुकानाचं अर्धं शटर होतं ते पूर्ण पाडलं. झाले दहा. वॉचमनने आम्हाला एकेकाची सही घेऊन वर सोडलं.

सोड्यांची खिचडी होती, सुकवलेल्या कोळंबीची. दार उघडायच्या आधी लिफ्टपाशीच वास आला आणि माझ्या मिस्टरांनी फोन खिशात टाकला. ताईंनी दारातच आम्हाला बोटाने मोजलं, सहलीला नेलेल्या मुलींसारखं. दहा. खूश झाल्या. हॉलमध्ये दहा ताटं मांडलेली होती, दहा वाट्या, दहा पेले. आम्ही बसलो. त्या पातेलं घेऊन वाढायला लागल्या.

माझा धाकटा म्हणाला, "आजी, तुझं ताट?"

"मी नंतर. उरेल ना ते घेईन."

मी ताटांकडे बघितलं. दहा. आम्ही दहा. आणि एकदम माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं त्यांनी आमच्या दारात डबे भरले, गच्चीवर चाळीस माणसांना वाढलं, पण दहाचं असो की चाळीसचं, ताईंनी त्यात स्वतःला कधी धरलंच नव्हतं. गणिताच्या बाई! आणि आमच्यापैकी एकालाही ते मोजावंसं वाटलं नव्हतं.

हिराबाई उठल्या. ताईंच्या हातातून पातेलं काढून घेतलं आणि खाली ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन एक ताट घेऊन आल्या आणि आपल्या शेजारी मांडलं.

"अगं, पण दहाचं आहे," ताई म्हणाल्या. "पुरायचं नाही."

"बस गो बाय," हिराबाई म्हणाल्या. एरवी त्या ताईंना 'तुमी' म्हणायच्या. "आमी बगताव पुरतंय का नाय ते."

ताई बसल्या. पदराने चष्मा पुसत राहिल्या, नाकाला झोंबल्यासारखं करत. माझ्या सासूबाईंनी त्यांच्या ताटात पहिली मूद वाढली.

खिचडी पुरली. थोडी उरलीसुद्धा.